मधले बांबू

३ नोव्हेंबर, सोमवार. ऊर्जानगर, चंद्रपूर

मुलाखत छान झाली आणि शेवटी मी धडधडीत खोटं बोलले.

कॉलेजात लांजेवार सरांच्या केबिनमध्ये त्यांच्याच लॅपटॉपसमोर बसले होते. पडद्यावर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे तिघं जण. जानेवारीत त्यांचं जहाज बंगालच्या उपसागरात जाणार आहे, तळाचा गाळ काढायला. भूशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांना ते सोबत नेणार. प्रवास, जेवण, विद्यावेतन सगळं त्यांचं, आणि ज्याचं काम चांगलं निघेल त्याला पुढे पीएचडीची शिष्यवृत्ती. मी त्यांना म्हटलं, माझे बाबा वैनगंगेत आणि गावच्या तलावात मासे धरतात. वैनगंगेची पुढे प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते, म्हणजे आमच्या काठचा गाळ शेवटी तुमच्याच जहाजाखाली जाऊन बसतो. तो मला तिथे ओळखायचा आहे. तिघंही हसले. त्यातल्या मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

मग एक सर सहज म्हणाले, "मासेमाराच्या घरच्या आहात, म्हणजे पोहता येत असेलच."

मी म्हणाले, "हो सर."

ढिवराची मुलगी "नाही येत" कुठल्या तोंडानं म्हणणार? खरी गोष्ट अशी की आमच्या घरात मासे बाबा धरतात, आई विकते, आणि मी ते खाऊन दगडमातीचं शास्त्र शिकते. पोरींना पाण्यात कुणी उतरू देत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी मागे फिरते. वर्गातल्या दिव्यानीला सांगितलं तर ती गादीवर लोळून हसली. हॉस्टेल सुटल्यापासून तिच्या घरी राहते म्हणून सोडली तिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निवड झाली! सरांनी डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. ते नेहमी म्हणतात, आपल्या जिल्ह्यात भूशास्त्र शिकलेल्याला तीनच दारं: कोळसा, सिमेंट आणि बी.एड. आज म्हणाले, "आचल, तू चौथं उघडलंस."

उघडलं खरं, पण उंबऱ्यावरच पाणी. मेलमध्ये खाली अट आहे. जहाजावर चढण्याआधी पोहण्याची चाचणी द्यायची: पोहण्याच्या तलावाची एक पूर्ण लांबी, आणि मग कशालाही न धरता तरंगून दाखवायचं. विदर्भातल्या मुलांसाठी ती चंद्रपूरला २९ तारखेला आहे.

दुसरीकडे ड्रिलिंगच्या कंपनीचंही पत्र आलंय. जमिनीत भोकं पाडून जे दगड निघतात ते तपासून नोंदवायचे. नोकरी चांगली आहे, मीच अर्ज केला होता. २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. हो म्हटलं तर एक डिसेंबरला हजर, म्हणजे जहाज गेलं. नाही म्हटलं आणि चाचणीत बुडाले, तर नोकरीही गेली, जहाजही गेलं, आणि मग मी आईसोबत टोपली घेऊन बाजारात बसायला मोकळी.

दिव्यानी म्हणते नोकरी घे. तिचं कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत झालंय, सोमवारी हजर होतेय. जीन्सऐवजी चार पंजाबी ड्रेस शिवायला टाकलेत बाईसाहेबांनी.

इथल्या पोहण्याच्या तलावावरच्या प्रशिक्षकांना फोन केला. महिलांची बॅच भरलेली. वर म्हणाले, नवशिक्याला दोन महिने धरा. उद्या गावी जाते. आमच्याकडे तलाव आहे, आणि घरात पोहणारा माणूस आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. गाव

बाबांना काय झालंय कळत नाही.

जहाजाचं ऐकून आधी खूश झाले. मग प्रश्न सुरू. "समुद्राले पाळ असते काय?" म्हटलं नाही, बाबा. "मंग पाणी अडते कुठी?" आई म्हणाली, पोरीले जेवू त द्या.

सकाळी तलावाच्या पाळीवर गेले. मासेमार सोसायटीची चार माणसं जाळी वाळवत बसली होती. मी बाबांना म्हटलं, "बाबा, मले पोहणं शिकवता काय?"

बाबांनी वर पाहिलंच नाही. "ढिवराची पोट्टी हायेस. तुले काऊन शिकवाव लागते?"

सगळे हसले. सोसायटीतले सगळ्यात म्हातारे नानाजी म्हणाले, "शिकवाचं काय हाये त्यात, उमाजी? डोंग्यात बसव, मधात ने अन् दे फेकून. आपोआप येते. आमाले तसंच आलं."

बाबा ताडकन उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "माह्या पोरीले कोणी हात लावून त पाहा," म्हणाले आणि जाळं तिथंच टाकून घरी निघून आले.

आता कळलं मला. वाढलेली पोरगी चारचौघांत ओल्या कपड्यांनी पाण्यात उतरणार, याची त्यांना लाज वाटते. शिकवलं, हॉस्टेलला ठेवलं, सगळं केलं, पण डोकं शेवटी जुनं ते जुनंच. आणि शिकवायला नको म्हणणारा माणूस कोण, तर गावातला पहिल्या नंबरचा ढिवर! बाबांचं कसब असं की दिवसभर डोंग्यात राहूनही कंबरेच्या वर कधी भिजत नाहीत. बाकीचे चिंब होऊन येतात. बाबांचा सदरा वरून कोरडा ठाक.

१० नोव्हेंबर, सोमवार

बायनाआत्या शिकवतेय. बाबांची मोठी बहीण, तलावाच्या त्या अंगाला राहते. हा शिंगाड्यांचा हंगाम. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर पोट टेकवून ती पाण्यात फिरते आणि वेल उलटून शिंगाडे तोडते. आमच्या घराण्यात पोहणारी बाई ती एकटीच. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणते, "भुकेनं."

आज फक्त नाक धरून डोकं बुडवायचं होतं. मी डोकं बुडवलं आणि आत्याच्या पदराला लोंबकळून वर आले. आत्या म्हणाली, "समुद्रात कोनाचा पदर धरशीन?"

पाणी थंड आहे. पायाखालचा गाळ असा की भूशास्त्रावरचं प्रेम उडावं.

बाबा पाळीवर बसून होते. जाळं शिवत. पहारा देतात बहुतेक, कुणी बघतं का म्हणून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चिडले आहे. सकाळी जाऊन बघते तर माझ्या नेमक्या वाटेत बाबांनी बांबू गाडून ठेवलेत. पाळीपासून आत, ओळीनं, एकावरून दुसऱ्याला हात पोचेल अशा अंतरावर. एवढा मोठा तलाव, पण यांना जागा सापडली ती हीच. विचारलं तर म्हणाले, "जाळं लावाचं हाये."

आत्याला म्हटलं, तुझ्या भावाला सांग ना जरा. ती नुसती हसली. "राहू दे वं. तुह्या काय डोळ्यात गेले?"

खरं सांगायचं तर आज त्या बांबूंचा उपयोगच झाला. दम संपला की एकाला धरायचं, मग पुढच्याकडे पाय मारत जायचं. पण हा योगायोग. बाबांचे आभार मानायचं काही कारण नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तरंगले! पाठीवर, कान पाण्यात, आणि आत्यानं हात काढून घेतला तरी तशीच राहिले. इतकी मोठ्यानं हसले की तोंडात पाणी गेलं.

पाळीकडे पाहिलं तर बाबा उभे राहिले होते. मी पाहिल्यावर लगेच बसले आणि सुई हातात घेतली. ते जाळं आठ दिवस झाले तेच आहे. त्या जाळ्याला भोकं तरी किती असावीत!

जेवताना पुन्हा प्रश्न. "चंद्रपूरच्या त्या तलावात तळाले पाय लागते काय?" एका बाजूला लागतात, दुसऱ्या बाजूला नाही, असं सांगितलं. "मधात धराले काय असते?" काही नसतं, बाबा. धरायला काही नाही, यालाच तर चाचणी म्हणतात. बाबांनी ताट अर्धंच सोडलं. उठताना म्हणाले, "असं कसं काई नसते?"

मला राग आला आणि मी बोलले, की तुम्हाला येतं म्हणून तुम्हाला सोपं वाटतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट घेऊन उठले. का पाहिलं कोण जाणे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरांचा फोन. जहाजाचे कागद आलेत, फक्त पोहण्याचा दाखला राहिलाय. "तुला काय, घरचंच पाणी," म्हणाले. मी हो म्हटलं. हल्ली मी फार लोकांना हो म्हणते.

बाबांनी ओळीतला एक आड एक बांबू काढून नेलाय. जाळं लावलंच नाही, नुसते गाडले आणि काढले. आता एका बांबूपासून पुढच्यापर्यंत जायला चांगलाच दम लागतो. पहिल्यांदा जाताना मी मनातल्या मनात बाबांना फार बोलले. तिसऱ्यांदा जमलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मधले सगळेच गेले. पाळीजवळचे तीन आहेत आणि पार तिकडे, खोलात, एक. मधे नुसतं पाणी. आत्या म्हणते, उद्या तिकडपर्यंत जाऊन दाखव. रात्री झोप येईलसं वाटत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

सकाळी त्या लांबच्या बांबूकडे निघाले आणि जात होते, खरंच जात होते. अर्ध्यात डाव्या पायाला शिंगाड्याचे वेल लागले. मी पाय झटकला, ते आणखी गुंडाळले. नाकातोंडात पाणी गेलं. आत्या ट्यूब घेऊन पलीकडे होती, लांब. मी हाक मारली की नुसती किंचाळले, आठवत नाही.

पाळीवरून बाबा आले. सदऱ्यासकट. पहिल्या बांबूला हात, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. मला वाटलं, असे काय येतात, पोहत का येत नाहीत? मग बांबू संपले. बाबांनी पुढचा हात टाकला, तिथं धरायला काही नव्हतं. तरी त्यांनी बांबू सोडला.

ते सरळ खाली गेले. वर आले तेव्हा तोंड उघडं होतं आणि डोळे माझ्याकडे. पुन्हा खाली गेले.

माझा पाय कसा सुटला मला माहीत नाही. मी त्यांच्यापर्यंत पोहत गेले, एवढं मात्र खरं. त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली आणि आम्ही दोघंही खाली. आत्यानं शिकवलं होतं, बुडत्याला समोरून धरायचं नाही. मी खालून निसटून मागून त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि पाय मारत राहिले. तेवढ्यात आत्याची ट्यूब आली.

पाळीवर बाबांनी पाणी ओकलं. मग बराच वेळ कुडकुडत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले येत नाई."

मला कळेना. "काय येत नाई, बाबा?"

"पोहणं."

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबा खाटेवर तोंड भिंतीकडे करून पडलेत. सोसायटीची माणसं चौकशीला आली तर आईनं ताप आहे म्हणून परत पाठवली.

आत्या शिंगाडे उकडायला आमच्याकडे आली होती. चुलीपाशी बसून तिनंच सांगितलं. "आमचा बाप. नानाजीसारखाच. उमाजी एवढासा होता. डोंग्यातून डोहात फेकलं त्याले, आपोआप येईन म्हणून. तो वर आलाच नाई. मीच उडी मारून काढलं. तवापासून कमरेच्या वर पाण्यात गेला नाई तो. डोंग्यातच बसून सारी जिंदगी काढली. तुह्या मायले, कुंताले ठाऊक हाये, मले ठाऊक हाये. गावाले नाई."

मी विचारलं, "अन् ते बांबू?"

"तुले काय वाटलं, जाळ्यासाठी? पाळीजवळ कोणते मासे येतेत वं? रोज संध्याकाळी माह्याजवळ येऊन विचारे, आज कुठवर गेली, दम कुठी लागला. मंग डोंग्यात बसून तसे बांबू काढे. फेकाचं नाई म्हणे, माह्या पोरीले फेकाचं नाई."

मी शिंगाडे सोलत राहिले. काटे बोटांत जात होते, जाऊ दिले. याच वहीत मी त्यांचं डोकं जुनं म्हणून लिहिलंय. ते पान फाडणार नाही, असू दे, माझ्या शहाणपणाचा पुरावा.

मधले बांबू नसते काढले तर काल त्यांना माझ्यापर्यंत येता आलं असतं. ते त्यांनी माझ्यासाठी काढले होते. हे डोक्यातून जात नाही.

आई जेवताना एवढंच म्हणाली, "जमिनीवरची नोकरी आली हाये, त जमिनीवरच राय. मले दोघंही पायजे."

बरोबर बोलते ती. मी कंपनीला होकाराचा मेल लिहून ठेवलाय. घरात रेंज नाही. उद्या पाळीवर जाऊन पाठवीन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी उठले तर बाबांची खाट रिकामी. आईही घाबरली. मी मोबाईल घेऊन धावतच पाळीवर गेले.

डोंगा काठाला बांधत होते बाबा. नेहमीसारखा सदरा वरून कोरडा.

तलावात पाहिलं तर एकही बांबू नाही. पाळीजवळचे तीन नाहीत, खोलातला तो नाही. पार पलीकडच्या काठाला, आत्याच्या घरासमोर, एकच उभा होता. तिथली शिंगाड्याच्या वेलांची पूर्ण पट्टी कापून मोकळी केलेली. कापलेले वेल डोंग्यात पडले होते, हिरवेगार, शिंगाड्यांसकट. हंगामात शिंगाड्याचा वेल कापणं म्हणजे आत्याच्या तोंडचा घास काढणं, आणि आत्या स्वतःच पलीकडे विळा हातात घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "बाबा, आज कंपनीला कळवायचं आहे."

"कळव ना."

"काय कळवू?"

बाबांनी दोरीची गाठ पक्की केली. "मले काय विचारतं? मले त पोहता बी येत नाई." मग म्हणाले, "मी तिकडून येतो, पाळीवरून. तू इकडून ये."

ते चालत निघाले. मी मोबाईल काढला, होकाराचा मेल खोडला आणि नकाराचा लिहिला. पाठवून दिला. नोकरी गेली. मग चप्पल काढून पाण्यात उतरले.

मधे दोनदा पाठीवर होऊन दम घेतला. पलीकडे पोचले तेव्हा बाबा अजून पाळीच्या वळणावर होते.

२९ नोव्हेंबर, शनिवार. चंद्रपूर

बाबा सोबत आले. पहिल्या एसटीनं निघालो. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि वाटेत मार्कंड्याचा फाटा आला तेव्हा खिडकीतून हात जोडले. मी म्हटलं, देवाला काय मागितलं? म्हणाले, "काई नाई. सांगून ठेवलं."

चाचणीला मुलंमुली मिळून बरीच होती, सगळ्यांना नीट पोहता येत असावं असे कपडे. मी सलवार-कमीज घालून, वर दिव्यानीनं दिलेली टोपी. पाणी निळं, आणि इतकं स्वच्छ की तळ दिसत होता, आणि तो मधेच खोल होत गेलेला दिसत होता. आमच्या तलावात निदान ते दिसत नाही. पाय काठावरून सुटेनात. प्रशिक्षकांनी दोनदा शिट्टी वाजवली.

बाबा पायऱ्यांवर बसले होते. शेवटच्या टोकाला, पलीकडे. ते उठून उभे राहिले आणि तिथेच राहिले, हालचाल न करता, ताठ.

मी निघाले. अर्ध्यात हात जड झाले, आणि दोर, कठडा, काहीतरी धरावं म्हणून जीव कासावीस झाला. धरायला काही नव्हतं. डोकं वर काढलं की एकच दिसत होतं, पलीकडे सरळ उभे बाबा. त्यांच्याकडे बघत पाय मारत गेले. भिंतीला हात लागला. तरंगणं त्यानंतर सोपंच गेलं.

दाखल्यावर सही करताना प्रशिक्षक म्हणाले, "स्टाईल काही कळली नाही बुवा तुमची, पण पाण्याला घाबरून गडबडत नाही तुम्ही. कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "माझ्या बाबांनी."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही तर पट्टीचे पोहणारे असाल, काका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या निळ्या पाण्याकडे.

"हो साहेब," म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही दोघं चहाच्या टपरीवर इतके हसलो की टपरीवाला बघत राहिला. मग बाबांनी गमछ्यानं डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले. मी आणखी दोन चहा सांगितले.

३० नोव्हेंबर, रविवार. गाव

जहाजावर जायला महिनाभर आहे. तेवढ्यात होईल असं आत्या म्हणते.

आज उजाडताच मी आणि आत्या डोंग्यात बसून बांबू गाडून आलो. पहिला गुडघाभर पाण्यात, मग जवळ जवळ. बाबांना काही सांगितलं नाही. ते पाळीवर आले, ओळीकडे बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "इतके जवळ काऊन गाडले? जाळं लावाचं हाये काय?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी सदरा काढून घडी केली आणि दगडावर ठेवला. जाळं आज त्यांनी आणलंच नव्हतं.